ठेसन कुणाच्या मापाचं?

  आज आपला इतिहासाचा भाग आहे. घाबरू नका, राजांच्या लढाया आणि तहाची कलमं आज नाहीत. ज्या फलाटावर आपण पाटी उतरवून दम खातो, त्या रेल्वे स्टेशनचा इतिहास आज सांगणार आहे.

विषय सुचला तो आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत. हप्त्यांचा हिशोब झाला, सह्या-अंगठे झाले, चहा आला आणि बोलणं वळलं लोकलकडे. कुणी म्हणालं, शहाडचं स्टेशन नवं केलं. कुणी म्हणालं, टिटवाळ्याचंही नाव यादीत आहे. तेव्हा एक मावशी चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "रंग लावला म्हंजी ठेसन नवं होतं काय गं? मला निस्तं चढाया-उतराया नीट मिळू दे." सगळ्या हसल्या. मला मात्र माझी आई आठवली.

माझी आई उन्हाळ्यात करवंदं-जांभळं आणि पावसाच्या तोंडावर शेवळं घेऊन पहाटेच्या लोकलने विकायला जायची. एके दिवशी एका स्टेशनवर उतरताना तिचा पाय फलाटावर पोचलाच नाही. गाडीचा डबा उंच, फलाट खाली. आधी पाटी गेली, मागून आई. करवंदं रुळांवर पसरली, गुडघा फुटला. तो गुडघा आजही पावसाळ्यात ठणकतो. मी तेव्हा चौथीत होते. घरी आल्यावर आई एकच वाक्य बोलत होती, "माझंच चुकलं, मी नीट बघितलं नाही." आजही विचारलं तर ती हेच सांगते.

मैत्रिणींनो, आईचं काही चुकलं होतं का, हे मला पुढे स्टेशनांचा इतिहास वाचताना कळलं. म्हणून तो तुम्हाला सांगते.

सुरुवात मुरबाडपासून करू. तुम्ही म्हणाल, मुरबाडला रेल्वे कुठे आहे? नाही, पण ज्यांनी मुंबईत रेल्वे यावी म्हणून पुढाकार घेतला, ते जगन्नाथ शंकरशेठ, म्हणजे आपले नाना शंकरशेठ, मुरबाडचे. १८०३ साली त्यांचा जन्म मुरबाडला झाला. १८४५ मध्ये मुंबईत रेल्वे सुरू करण्यासाठी जी मंडळी एकत्र आली, त्यांत नाना आणि सर जमशेटजी जीजीभॉय पुढे होते. याच नानांनी मुलींच्या शाळेसाठी आपल्या वाड्यात जागा दिली, हेही लक्षात ठेवा. मुलींनी शिकणं म्हणजे पाप असं लोक मानत होते, तेव्हाची ही गोष्ट.

१६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. १४ डबे, सुमारे ४०० पाहुणे, आणि ओढायला तीन इंजिनं. त्यांची नावं साहिब, सिंध आणि सुलतान. २१ तोफांची सलामी झाली. अंतर होतं ३४ किलोमीटर. पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, गाडी कल्याणला पोचली. १८५५ मध्ये ती आपल्या वासिंदला आली. मग काही वर्षं तिथेच थांबली. १८६० मध्ये आसनगाव, १८६१ मध्ये कसारा. आणि थळघाट फोडून इगतपुरीला जायला १८६५ साल उजाडलं. त्याच वर्षी नाना शंकरशेठ वारले.

म्हणजे आपल्या बाजूची ही स्टेशनं देशातल्या सगळ्यांत जुन्या स्टेशनांपैकी आहेत. आपल्या पणजीच्या पणजीनेही ती पाहिली असतील.

पण ही स्टेशनं कुणासाठी बांधली? इंग्रजांना वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबईच्या बंदरात हवा होता. घाट ओलांडणं हे मोठं काम होतं. थळघाटाचा चढ इतका कडक आहे की ३७ फूट पुढे गेलं की रूळ एक फूट वर चढतो. म्हणून कसाऱ्याला गाडीला मागून जादा इंजिनं लावतात. आजही लावतात, तुम्ही पाहिली असतील. तेव्हा स्टेशन कुठे हवं, केवढं हवं, हे ठरलं ते इंजिनाच्या आणि मालाच्या सोयीने. डोक्यावर पाटी घेतलेली बाई त्या हिशोबात कुठेच नव्हती.

बांधकामात मात्र कष्ट करणारे हजारो हात होते. पुण्याकडच्या बोरघाटात एका वेळी ४० हजारांहून जास्त मजूर राबत होते. पटकीच्या साथीत कितीतरी गेले. त्या घाटाचं कंत्राट घेतलेले सॉलोमन ट्रेडवेल नावाचे साहेब १८५९ मध्ये इथे आले आणि काही दिवसांतच वारले. त्यांची बायको ॲलिस मायदेशी परत गेली असती तर कुणी बोललं नसतं. तिने कंत्राट स्वतःकडे घेतलं, इंजिनिअर नेमले आणि १८६३ मध्ये घाटाचं काम पुरं झालं. घाटातून जाताना इंग्रजांची कामगिरी म्हणून आपण बघतो, पण त्या कामाच्या कंत्राटावर एका विधवा बाईचं नाव होतं आणि दगड उचलणारे आपले लोक होते.

पुढे विजेची गाडी आली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी धावली. माणसं वाढली, गाड्या वाढल्या, डबे वाढले. जुनी स्टेशनं मात्र तीच. त्यांना जोड द्यायचा, एक पत्रा वाढवायचा, एक खिडकी बुजवायची, भिंतीवर अजून एक रंगाचा हात द्यायचा, असं चाललं. आपल्या घरांचंही असंच होतं ना? सासऱ्यांनी पडवी काढली, दिराने मोरी बांधली, नवऱ्याने पत्रा टाकला, आणि शेवटी स्वयंपाकघरात उजेडच येत नाही.

आता तुम्हाला भायखळ्याला नेते. भायखळ्याची भाजी मंडई आपल्याकडच्या जुन्या बायकांना ठाऊक आहे. १८५३ मध्ये पहिली गाडी गेली त्याच मार्गावरचं हे स्टेशन. आधी लाकडी होतं, मग दगडी इमारत झाली. दीडशे वर्षांत त्या दगडावर रंगाचे थरावर थर चढले, आत आडोसे उभे राहिले, नक्षीच्या कमानी झाकल्या गेल्या. लोकांना वाटायचं, जुनाट स्टेशन आहे, पाडून टाका. पण २०१९ च्या सुमारास वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली एक वेगळं काम सुरू झालं. पाडलं काही नाही. आधी नंतरची भर काढली. रंगाचे थर उतरवले आणि खालचा काळा दगड बाहेर आणला. लाकूडकाम, लोखंडी नक्षी दुरुस्त केली. हा खर्च रेल्वेने केला नाही, देणगीतून झाला. स्टेशन एक दिवसही बंद न ठेवता, गाड्या चालू असताना, सुमारे तीन वर्षं हे काम चाललं. २०२२ मध्ये ते पुरं झालं आणि त्याच वर्षी युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार त्याला मिळाला.

यातून मी एक शिकले. दुरुस्ती म्हणजे दर वेळी नवीन काहीतरी ठोकणं नव्हे. कधी कधी वाटेतली अडगळ काढली तरी अर्धं काम होतं. फलाटाच्या मधोमध उभा असलेला बंद स्टॉल, मोडका बाक, जिन्याच्या तोंडाशी टाकलेलं सामान, हे हललं तरी पाटीवाल्या बाईला वाट मिळते.

पण स्टेशन सुंदर होणं वेगळं आणि सुरक्षित होणं वेगळं. सुरक्षिततेचा इतिहास जरा कडू आहे.

२९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची सकाळ. मुंबईत एल्फिन्स्टन रोड स्टेशनचा अरुंद पूल. आता त्या स्टेशनला प्रभादेवी म्हणतात. गिरण्या होत्या त्या काळातला तो पूल, आणि आता आजूबाजूला मोठमोठी ऑफिसं झालेली. जोराचा पाऊस आला, लोक आडोशाला पुलावर थांबले, मागून गाड्यांची माणसं येत राहिली. चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. पूल रुंद करा असं प्रवासी आधीपासून सांगत होते.

त्यानंतर सरकारने लष्कराला बोलावलं. लष्कराने तीन ठिकाणी पूल उभे केले: एल्फिन्स्टन रोड, करी रोड, आणि तिसरा आपल्या कसारा मार्गावरच्या आंबिवलीला. २७ फेब्रुवारी २०१८ रोजी ते लोकांसाठी खुले झाले. पाच महिन्यांच्या आत. आणि एक महत्त्वाचा बदल कागदावर झाला. तोपर्यंत पादचारी पूल ही प्रवाशांची 'सोय' मानली जायची. सोय म्हणजे पैसे उरले तर करायची गोष्ट. २०१७ नंतर पूल 'सुरक्षितता' या खात्यात गेला. म्हणजे करायलाच हवी अशी गोष्ट. मैत्रिणींनो, आपल्या घरातही असंच असतं बघा. औषध कुणाच्या खर्चात धरलंय, गरजेत की हौसेत, यावर ते येतं की नाही ते ठरतं.

आता आईच्या गोष्टीकडे येते. फलाट खाली का राहतो? मला वाटायचं, बांधतानाच चुकलं असेल. तसं नेहमी नसतं. रुळाखाली खडी असते. गाड्यांच्या वजनाने ती दबते, म्हणून वरचेवर नवी खडी घालून ठोकतात, रूळ वर उचलतात. वर्षानुवर्षं असं झालं की रूळ चढतो आणि फलाट जिथल्या तिथे. अंगणात दर साली मुरूम टाकला की घराचा उंबरा बुडतो, तसंच. त्यात फलाट वळणावर असेल तर डबा आणि फलाट यांच्यामधली फट आणखी वाढते.

जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपरला एक कॉलेजची मुलगी गाडीत चढताना त्या फटीत पडली. तिचे दोन्ही हात गेले. हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गाजलं. मग फलाटांची मापं निघाली. लोकलच्या फलाटाची उंची आधी ७६० ते ८४० मिलिमीटर धरायचे. ती ९०० मिलिमीटरपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन फुटांपर्यंत न्यायचं काम मुंबईच्या लोकल मार्गांवर झालं. फरक केवढा? अडीच ते साडेपाच इंच. चार-सहा बोटं म्हणा. एवढ्या बोटांवर कुणाचे हात, कुणाचा गुडघा, कुणाचा जीव अवलंबून होता.

हे वाचलं त्या रात्री मी आईला सांगितलं, "आई, तू नीट बघितलं होतंस. फलाट खाली होता." आई काही बोलली नाही. गुडघ्यावर हात फिरवत बसली. मग म्हणाली, "मग त्यावेळी कुणी मापलं का नाही?"

याच प्रश्नासाठी मी आज बोलतेय.

अजून एक गोष्ट, जिच्याबद्दल आपण बायका कुणाशी बोलत नाही. कसाऱ्याहून मुंबईला लोकलने अडीच तास लागतात आणि लोकलमध्ये संडास नसतो. म्हणजे स्टेशनवरची मुतारी हीच एक सोय. ती बंद असली की आपण काय करतो? पाणीच पीत नाही. मग उन्हाळी लागते, लघवीला जळजळ होते, आणि पैसे दवाखान्यात जातात.

१९०९ सालची एक मजेची गोष्ट आहे. बंगालमधले अखिलचंद्र सेन नावाचे एक गृहस्थ फणस खाऊन गाडीत बसले आणि पोट फुगलं. तेव्हा खालच्या वर्गाच्या डब्यात संडास नसायचे. ते एका स्टेशनवर उतरून आडोशाला गेले, तेवढ्यात गार्डने शिट्टी दिली. हे एका हातात लोटा, दुसऱ्या हातात धोतर धरून पळाले, आणि फलाटावरच्या बायामाणसांसमोर पडले. त्यांनी रागाने साहेबाला मोडक्यातोडक्या इंग्रजीत पत्र लिहिलं, गार्डला दंड करा म्हणून. ते पत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात ठेवलं आहे, आणि त्या पत्रामुळे डब्यांत संडास आले असं सांगतात. इंग्रजी धड नव्हतं, लाज तर गेलीच होती, पण माणसाने लिहिलं.

बायकांनीही लिहिलं आहे. २०११ मध्ये मुंबईत 'राईट टू पी' ही मोहीम सुरू झाली. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांकडून पैसे, हे का, असा साधा प्रश्न होता. कोरो आणि इतर संस्थांच्या कार्यकर्त्या वस्त्यावस्त्यांत फिरल्या, संडास मोजले, सह्या गोळा केल्या आणि महापालिकेपुढे ठेवल्या. आधी लोक हसले. मग पेपरात आलं, मग अंदाजपत्रकात पैसे धरले गेले. मोजलं, लिहिलं, मागितलं. क्रम हाच आहे.

आणि बायका फक्त मागणाऱ्याच आहेत असं नाही. साताऱ्याच्या सुरेखा यादव देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक झाल्या. २०१७ च्या जुलैपासून मध्य रेल्वेचं माटुंगा स्टेशन पूर्ण महिलांच्या हातात दिलं. तिकीट खिडकीपासून स्टेशन मास्तर आणि पोलिसांपर्यंत सगळ्या बायका. देशातलं असं ते पहिलं स्टेशन.

आता आजची गोष्ट. केंद्र सरकारची अमृत भारत स्टेशन योजना आहे. देशातली सुमारे १३०० स्टेशनं तिच्यात धरली आहेत. ६ ऑगस्ट २०२३ रोजी पहिल्या ५०८ स्टेशनांच्या कामांची पायाभरणी झाली, २६ फेब्रुवारी २०२४ रोजी आणखी सुमारे साडेपाचशेंची. २२ मे २०२५ रोजी काम झालेली १०३ स्टेशनं खुली झाली, त्यांत शहाड, माटुंगा, परळ, चिंचपोकळी ही आपल्या ओळखीची आहेत. टिटवाळाही योजनेत आहे. या योजनेत प्रत्येक स्टेशनचा आराखडा आधी करायचा आणि टप्प्याटप्प्याने काम करायचं असं ठरलं आहे. आराखडा म्हणजे काय? कागद. आणि कागदावर खोडता येतं, बदलता येतं. सिमेंट ओतल्यावर येत नाही.

गटांसाठी अजून एक दार उघडं आहे. २०२२ पासून रेल्वेने 'एक स्थानक एक उत्पादन' योजना सुरू केली. स्थानिक वस्तूंसाठी स्टेशनवर छोटा स्टॉल मिळतो, नाममात्र शुल्कात, पाळीपाळीने. बचत गटांनाही अर्ज करता येतो. आपले पापड, नाचणीचे पदार्थ, बांबूच्या टोपल्या तिथे जाऊ शकतात. स्टेशन मास्तरांकडे चौकशी करा. पण स्टॉल मिळाला तर एक ध्यानात ठेवा, तो दुसऱ्या पाटीवालीच्या वाटेत उभा करू नका.

मग आपण काय करायचं? मी आमच्या ग्रामसंघात ठरवलंय ते सांगते. शिवणकाम करणाऱ्या ताईची मापाची पट्टी घ्यायची. ज्या स्टेशनवरून आपण जातो तिथे गाडी नसताना, फलाटावरच उभं राहून, चार गोष्टी बघायच्या. एक, पुलाच्या जिन्याला पायऱ्या किती, आणि कठडा दोन्ही बाजूंना आहे का. दोन, बायकांची मुतारी उघडी आहे का, पाणी आहे का, रात्री दिवा आहे का. तीन, बायकांचा डबा आणि लगेजचा डबा थांबतो तिथे वर छप्पर आहे का. चार, गाडी उभी असताना डबा आणि फलाट यांत किती अंतर पडतं, ते वितीने, डोळ्याच्या अंदाजाने. तिथे वाकून मापायला जायचं नाही, आणि रुळावर तर अजिबात उतरायचं नाही. रूळ ओलांडणं हा गुन्हा आहे, आणि मुंबईच्या लोकल मार्गांवर सगळ्यांत जास्त जीव रूळ ओलांडतानाच जातात. पूल लांब पडतो म्हणून आपण ओलांडतो, हे मलाही ठाऊक आहे. म्हणूनच पूल कुठे हवा ते लिहून द्यायचं.

हे सगळं एका कागदावर, तारीख घालून, ग्रामसंघाच्या ठरावासह. एक प्रत स्टेशन मास्तरांना, एक प्रवासी संघटनेला, एक खासदारांच्या कार्यालयात. पोच घ्यायची. गाडीत किंवा स्टेशनवर तातडीची अडचण आली तर १३९ हा रेल मददचा नंबर आहे, तो मोबाईलमध्ये घालून ठेवा.

आणि मुरबाडच्या मैत्रिणींनो, तुमच्यासाठी खास. नाना शंकरशेठांच्या गावाला अजून रेल्वे नाही. कल्याण-मुरबाड मार्गाची मागणी जुनी आहे आणि तो मार्ग आता रेल्वेच्या कागदांवर आला आहे. गाडी येईल तेव्हा येईल. पण आमच्याकडची जुनी स्टेशनं दीडशे वर्षांनी दुरुस्त करावी लागतायत, कारण पहिल्या दिवशी बाईला कुणी विचारलं नव्हतं. तुमचं स्टेशन अजून बांधायचं आहे. ग्रामसभेत विषय निघाला की गप्प बसू नका. मुतारी कुठे, पूल कुठे, एसटीचा थांबा किती लांब, हे तुम्ही आधी सांगा.

पुढच्या बैठकीला मापाची पट्टी आणायला विसरू नका. माझी आईही येणार आहे. जिना चढणं तिला जमत नाही, पण पायऱ्या मोजायच्या वहीत आकडे मीच लिहिणार, असं तिने सांगून ठेवलंय. साक्षरता वर्गात शिकलेले आकडे आहेत ते.

नमस्कार.